बास धरायला ट्राउटची ड्राय फ्लाय: जमतं, की नुसती हौस?

गोदाकाठचा गळवाला
कॉलेज रोडला चहावर निघालेला वाद अर्धाच राहिला, तो इथे पुरा करू. लार्जमाउथ बास या अमेरिकेतल्या मोठ्या तोंडाच्या माशाला माशी, म्हणजे गळावरचा खोटा किडा, टाकायची तर कॉर्कचा नाहीतर हरणाच्या केसांचा, पाण्यावर आवाज करणारा गलेलठ्ठ पॉपरच हवा, असं आपल्यातले दोघंतिघं छातीठोकपणे सांगत होते. मला ते पटत नाही. ट्राउटसाठी, म्हणजे थंड वाहत्या पाण्यातल्या माशासाठी, बांधतात तीच साधी तरंगती ड्राय फ्लाय उन्हाळ्यातल्या शांत तळ्यावर पॉपरपेक्षा जास्त बास देते, असं माझं मत आहे. नोकरीची बरीच वर्षं जॉर्जियात गेली, आताही मुलीकडे गेलो की तिथल्या तळ्यांवर असतो. तेव्हा हे ऐकीव नाही.

ज्यांनी गांडूळ आणि पिठाच्या गोळीपलीकडे काही लावलेलं नाही त्यांच्यासाठी: ड्राय फ्लाय म्हणजे बारीक गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून केलेला खोटा किडा. पिसाचे ताठ तंतू पाण्याच्या पापुद्र्यावर टेकतात, म्हणून गळ बुडत नाही. (एके काळी अमेरिकेतल्या बांधणाऱ्यांकडे ही पिसं भारतातूनही जायची, मानेच्या अख्ख्या कातड्यासकट. तिकडे हे सांगितलं की आपला भाव जरा वधारतो.)

मी 8 किंवा 10 नंबरच्या गळावरचा स्टिम्युलेटर, म्हणजे फुगीर ड्राय फ्लाय, लावतो, नाहीतर पिसांचा नाकतोडा. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे ध्यानात ठेवा. वेळ संध्याकाळची, वारा पडल्यावर, पाणकणसाच्या कडेला. माशी पडली की पाण्यावर वलय उठतं. ते पार विरेपर्यंत हात हलवायचा नाही. मग दोरीतला ढील इतकाच काढायचा की पिसं थरथरतील, पण माशी जागची सरकणार नाही. पॉपरवर बास धाडकन येतो, इथे तसला तमाशा नसतो. तो जबडा उघडतो, पाण्यासकट माशी आत ओढतो आणि आपल्याला दिसतो फक्त वाटीएवढा खळगा. ‘चप्’ एवढाच आवाज. तेवढ्यात काठी उचलली नाही तर विषय संपला.

सातपूरकर
काका, राग मानू नका, पण तुम्ही धरता ते बास नव्हेत, बासची पोरं आहेत. मी टेक्सासमध्ये होतो, तिथे याच हौसेपायी चांगल्या संध्याकाळी वाया घालवणारे पाहिलेत. वाढलेला बास मासे खातो, क्रेफिश खातो, बेडूक गिळतो. 10 नंबरच्या माशीसाठी तोंड उघडण्याची मजुरीसुद्धा त्याला सुटत नाही. जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी 2009 मध्ये बासच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती गळाला जिवंत ब्लूगिल, म्हणजे तिकडचा छोटा चपटा मासा, लावून. दहा किलोचा मासा होता तो. किडे खाऊन होतो का कुणी दहा किलोचा?

शिवाय बासच्या आधी ब्लूगिलच तुमच्या माशीवर तुटून पडतात. तिकडच्या दक्षिणेतल्या शेततळ्यांत बास आणि ब्लूगिल जोडीनंच सोडतात; अलाबामात ऑबर्नला होमर स्विंगल यांनी त्यावर काम केलं आणि ती पद्धत सगळीकडे रुजली. ब्लूगिलचं तोंड चिमुकलं, तुमची माशी त्याच्याच मापाची. पॉपर त्या तोंडात मावत नाही, आणि पॉपरचा निम्मा फायदा तोच आहे.

आणि तंगुसाचं काय? ड्राय फ्लायवाले 5X लावतात, म्हणजे 0.15 मिलिमीटर. गळ लागल्याबरोबर बास गवतात घुसतो. त्याला त्या केसावर थोपवणार कसं? तुटला तर गळ त्याच्या तोंडात राहिला. नाही तुटला तर तुम्ही त्याला दमवत बसणार, आणि जूनच्या कोमट पाण्यात पार दमलेला मासा सोडून दिला तरी जगेलच याची खात्री नाही.

गोदाकाठचा गळवाला
5X कोण म्हणालं? मी ट्राउटची माशी म्हणालो, ट्राउटचा तंगूस नाही. वाहत्या पाण्यात जाड तंगूस माशीला फरपटतो, म्हणून तिथे बारीक लागतो. तळ्यात ओढ कसली? 8 नंबरच्या गळाच्या नेढ्यातून 0X, म्हणजे 0.28 मिलिमीटर, आरामात जातो. तेवढ्यावर बास ओढून काढता येतो.

लहान आमिषाला लहानच मासा, हे तर तुमच्याच टेक्सासनं खोटं पाडलंय. तिथला विक्रम 18.18 पौंडांचा, लेक फोर्कवरचा, जानेवारी 1992. बॅरी सेंट क्लेअर यांनी तो धरला तेव्हा ते बाससाठी गेलेच नव्हते, क्रॅपी या लहान माशासाठी बारीक मासळी लावून बसले होते.

सातपूरकर
जिवंत मासळी, तीही भर थंडीत, खोल पाण्यात! यात तरंगती माशी कुठे आली? हे उदाहरण तर माझ्या बाजूचं निघालं, काका.

तुमच्या तळ्याबद्दल एक शंका आहे. ज्या तळ्यात बास दाटीनं असतात आणि खायला ब्लूगिल पुरत नाहीत, तिथे ते वितीएवढेच राहतात. डोकं मोठं, पोट खपाटीला. असले भुकेले बास किड्यांवरच दिवस काढतात. तिथे ड्राय फ्लाय चालणारच, काडी टाकली तरी चालेल.

टाचणी-चतुर
मी गळवाली नाही, कीटक बघणारी आहे, तरी बोलते. काका ‘पाणकणसाच्या कडेला’ म्हणाले, ते बरोबर का ठरतं ते सांगते. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. तिची अळी पाण्यात वाढते आणि कात टाकायला देठावर चढून बाहेर येते. पंख पसरून वाळेपर्यंत ती दुबळी असते, जरा वारा आला तर पाण्यात पडते. पुढे मादी अंडी घालायला येते तीही पाण्यातल्या वनस्पतींवरच, पुष्कळदा नराला मानेशी घेऊन. म्हणजे टाचण्या माशाच्या तोंडी लागतात त्या काठाला, गवताच्या फटींत. तळ्याच्या मध्यावर माशी टाकून ‘बास किडे खात नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

मात्र तुमचा तो फुगीर स्टिम्युलेटर टाचणीसारखा अजिबात दिसत नाही. टाचणी काडीसारखी बारीक, निळी. ती सोडून मासा याला भुलत असेल तर तो हुबेहूबपणाला भुलत नाही, पाण्यावरच्या थरथरीला भुलतो. मग पॉपर आणि माशी यांत फरक उरतो तो आवाजाचा.

गोदाकाठचा गळवाला
ताई, लाख बोललात. जिथे रोज दहा जण पॉपर आपटून जातात, तिथला बास त्या आवाजाला विटलेला असतो. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे.

सिडकोचा बंडू
एवढं डोकं कशाला लावताय? चार बास आणून गंगापूर धरणात सोडा, मग रविवारी सगळेच प्रयोग करू. 😄

टाचणी-चतुर
बंडूभाऊ, गंमत म्हणूनही नको. सातपूरकरांनी सांगितलेला तो बिवाचा विक्रम मुळात परक्या माशाचा आहे. जपानमध्ये बास 1925 मध्ये आशी सरोवरात सोडला, नंतर देशभर पसरला, तिथले लहान मासे खाऊ लागला. 2005 पासून त्यांच्या कायद्यात तो उपद्रवी परका मासा आहे; जिवंत पाळणं, नेणं, सोडणं सगळ्याला बंदी. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या प्रजातींच्या यादीत बास आहे, ट्राउट आहे आणि आपल्याकडे घुसलेली मोझांबिकची चिलापीसुद्धा आहे. गोदावरीत एक चिलापी पुरे झाली. खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलेलं. तिथल्या पक्ष्यांच्या ताटात कशाला हात घालायचा?

सिडकोचा बंडू
ताई, इमोजी टाकला होता की!

दारणाकाठ
आमच्याकडे बास नाही, मरळ आहे. आम्ही पाण्यावर पसरलेल्या पानवेलीवरून रबरी बेडूक ओढतो, मरळ खालून येऊन वेलीसकट गिळतो. काका, ती नऊ फुटी लवचीक काठी आणि पिसाची माशी इथे चालेल का? आणि माशीला वजनच नाही तर ती लांब जाते कशी?

गोदाकाठचा गळवाला
वजन दोरीत असतं, माशी तिच्या मागे जाते. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. 8 नंबरचे 210 ग्रेन, साडेतेरा ग्रॅम. पॉपर वाऱ्याला अडतो, म्हणून त्याला 8 ची जड दोरी लागते आणि तासाभरात खांदा बोलायला लागतो. माझ्या माशीला 5 किंवा 6 पुरते. साठी उलटलेल्या माणसाला हाही मुद्दा आहे, बरं का.

सातपूरकर
खांद्याचं मान्य. पण 5 नंबरच्या काठीत गवतातून मासा उपसायचा दम नसतो, ते तुम्ही टाळताय. आणि लहान गळ बास खोल गिळतो, घशातून काढताना रक्त येतं. पॉपरचा मोठा गळ बहुधा ओठाच्या कोपऱ्यात बसतो.

गोदाकाठचा गळवाला
गळाचा काटा आधीच पकडीनं दाबून टाकतो, मग तो सुटायला वेळ लागत नाही. खोल गिळतो तो लक्ष नसलेल्याचा. नजर माशीवर असली की खळगा दिसल्याक्षणी काठी वर. उलट तुम्हीच स्फोट बघून दचकता आणि पॉपर त्याच्या तोंडातून ओढून काढता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातपूरकर
ते एकदाच झालं होतं! जाऊ द्या. संध्याकाळी उथळ पाण्यात, किडे उडत असताना तुमची माशी चालते, इथवर येतो मी. पण दिवसभरासाठी एकच डबी न्यायची झाली तर मी पॉपरचीच नेईन.

दारणाकाठ
काका, दोन नाकतोडे बांधून ठेवा, घ्यायला येतो. पण गळ 4 नंबरचा घ्या आणि तो 0X आमच्या कामाचा नाही. बासचा जबडा खरखरीत असेल, मरळला खरेखुरे दात असतात, एका झटक्यात कापेल. मी पुढे जाड तंगूस लावतो. सध्या आवर्तन सुटल्यामुळे पाणी गढूळ आहे, ते निवळलं की कळवतो. आणि पाणी मच्छीमार संस्थेकडे आहे, तेव्हा आधी त्यांच्या माणसाला विचारून घेतो. मागच्या खेपेला न विचारता कुणी तरी आलं होतं, त्याचं बोलणं आम्हाला खावं लागलं.