चाळीस हजारांत लॅपटॉप: विंडोज, लिनक्स, क्रोमबुक की वापरलेली मॅकबुक?

कुळागर_सत्तरी

नमस्कार मंडळी. मुलगी साखळीच्या सरकारी कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. चवथीच्या आधी लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट चाळीस हजार, ताणून पंचेचाळीस.

वापर असा: तिला टॅली आणि एक्सेल. मला संध्याकाळी दुकानाचा हिशेब, जीएसटी रिटर्न आणि देवस्थान समितीची मराठी पत्रे. घरी कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे, तो बदलणार नाही. वाड्यावर नेट येते-जाते.

समोर चार पर्याय आहेत. नवा विंडोज ११ लॅपटॉप (रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी, ५१२ जीबी). तसाच पण ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, थोडा स्वस्त, त्यात लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचे. तिसरा क्रोमबुक, गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा. चौथा वापरलेली मॅकबुक एअर एम१. दुकानदार पहिल्याच्या बाजूने आहे, भाचा चौथ्याच्या. कोणता घेऊ?

तांबडीमाती

भाऊ, तुमच्या यादीत निर्णय दोनच गोष्टी करतात, टॅली आणि तो प्रिंटर. बाकी सगळे चारही मशीनवर कसेबसे जमते.

टॅलीप्राइम फक्त विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ‘वाइन’मधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय) चालवणारे लोक आहेत, पण कंपनीचा त्याला आधार नाही आणि एखाद्या अपडेटनंतर बिल छापायच्या वेळी अडकले तर विचारायचे कोणाला? मुलीला शिकायला परवाना विकत घ्यायची गरज नाही. टॅली उघडताना ‘एज्युकेशनल मोड’ निवडायचा. त्यात व्हाउचर महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच टाकता येतात, सरावाला तेवढे पुरते. दुकानाचा खरा हिशेब मात्र त्यात ठेवू नका, तारखांचा घोळ होईल.

एलबीपी २९०० हा जुन्या ‘कॅप्ट’ पद्धतीचा, फक्त यूएसबीवर चालणारा प्रिंटर. पान रचायचे काम संगणकच करतो, त्यामुळे ड्रायव्हर नसेल तर प्रिंटर म्हणजे नुसता डबा. ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर आहे आणि चालतो. लिनक्सचा ड्रायव्हर जुनाट, बसवायला किचकट, आणि प्रिंटिंग सेवेच्या अपडेटनंतर बंद पडण्याची खोड त्याला आहे. क्रोमबुकला तर असला प्रिंटर जोडायचा विचारच सोडा.

याच कारणाने स्नॅपड्रॅगन चिपवाला विंडोज लॅपटॉप सवलतीत दिसला तरी तुमच्यासाठी नको. त्यावर साधे प्रोग्राम अनुकरणाने (इंटेल-एएमडीची नक्कल करून) चालतात, पण ड्रायव्हर त्या चिपच्या एआरएम रचनेसाठीच लिहिलेला लागतो.

म्हणजे विंडोज, आणि इंटेल किंवा एएमडी. आता कोणता विंडोज लॅपटॉप एवढाच प्रश्न उरला.

चिपवाचक

आणि दुकानदार दाखवतो तो नव्हे.

रायझन ७०००च्या मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा. ‘रायझन ५’ या शब्दांना भुलायचे नाही. ७५२०मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही जुनी रचना, कोर (चिपमधले काम करणारे भाग) फक्त चार. ७५३०मध्ये तो ३, म्हणजे झेन ३, आणि कोर सहा. स्टिकर दोघांवर एकच! ७५२०यूची आणखी एक अडचण म्हणजे त्याची रॅम बोर्डावरच डकवलेली असते. ८ जीबी घेतली की मशीन मरेपर्यंत ८ जीबी, त्यातला काही भाग ग्राफिक्स खाते. विंडोज ११, ब्राउझरच्या दहा टॅब, एक्सेल आणि टॅली एकत्र उघडले की डिस्कवर ढकलाढकली सुरू.

इंटेलमध्येही असाच चकवा. आय३-१२१५यू आणि आय३-१३१५यू यांत दोन मोठे कोर आणि चार छोटे. आय३-१३०५यूमध्ये मोठा कोर एकच. नाव वाचताना १३०५ नवा वाटतो, पण कामाला १२१५ बरा. एन४५००सारख्या सेलेरॉन चिपकडे वळूनही बघू नका.

दुकानात चालू मशीन समोर ठेवायला सांगा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ दिसते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ लिहिले असेल तर काढता-घालता येणारी पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिले असेल तर डकवलेली. काही मशीनमध्ये ८ जीबी डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही चालेल.

एकच पट्टी असेल तर दुसरी सारख्याच जातीची टाकल्यावर अंगभूत ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात. डीडीआर४-३२०० की डीडीआर५ हे आधी बघा, खाच वेगळी असते, एकमेकांत बसत नाहीत. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून ‘नंतर टाकू’ म्हणताना आजचा भाव विचारूनच हिशेब करा.

पेंग्विन_पर्वरी

विंडोजच घ्या, मान्य. पण ‘डॉस’वाल्याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ते मशीन स्वस्त दिसते कारण त्यात विंडोजचा परवाना नाही. नंतर मूळ परवाना घेतलात तर वाचवलेले पैसे गेलेच, वर भर. आणि काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ कुठून आलेल्या असतात ते विकणाराही सांगत नाही. दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर ते नको.

मुलीला लिनक्स शिकायचे असेल तर त्याच मशीनवर विंडोजशेजारी मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकता येईल. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेले आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. घाई न करता या क्रमाने करा:

आधी बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हल्लीच्या विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही हलवले की विंडोज तीच ४८ आकडी की मागते, आणि ती नसेल तर डेटा गेला. मग पॉवरच्या सेटिंगमधून ‘फास्ट स्टार्टअप’ बंद. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ८० जीबीने आकसून घ्या. हे विंडोजमधूनच करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको. त्यानंतर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटचा इन्स्टॉलर घालून त्यावरून मशीन सुरू करा.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर इंटेल मशीनवर बहुधा ‘व्हीएमडी’ (एसएसडी हाताळायची इंटेलची सोय) चालू असते. ते बायोसमधून थेट बंद केले तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग व्हीएमडी बंद, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन परत साधे सुरू करा. एएमडीत ही कटकट नाही.

दोन्ही बसल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकू लागले तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिच वेळ ठेवते, विंडोज स्थानिक. लिनक्सला ‘स्थानिक वेळ ठेव’ असे सांगायची एका ओळीची आज्ञा आहे, ती दिली की मिटले.

मिरामारवारा

भाच्याची बाजू थोडी मांडतो. एम१ एअर नोव्हेंबर २०२०ची, पण अजून छान चालते, पंखाच नाही, बॅटरी दमदार. फक्त लेखन, पीडीएफ, ऑनलाइन क्लास असते तर मीही तीच म्हटली असती. तुमच्या कामाला ती चुकीची. टॅली नाही, एम१वर बूटकॅम्प (मॅकवर विंडोज टाकायची सोय) नाही, मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठ्या आकडेवारीचे साधन) नाही, बाहेरचा पडदा अधिकृतपणे एकच जोडता येतो, रॅम-एसएसडी दोन्ही डकवलेल्या.

कोणी घेणारच असेल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर मशीन पूर्ण पुसून, वायफायला जोडून पहिल्यापासून सेटअप करा. ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ किंवा ‘रिमोट मॅनेजमेंट’चा पडदा आला तर हात जोडून परत द्या, ते मशीन कुठल्यातरी कंपनीच्या किंवा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. बॅटरीची चक्रे सिस्टम इन्फर्मेशनमध्ये दिसतात, ॲपलच्या हिशेबाने मर्यादा १००० आहे. स्वस्तातली इंटेल मॅकबुक मुळीच नको. मॅकओएस २६ ही इंटेलसाठी शेवटची आवृत्ती.

क्रोमबुक एका ओळीत: २०२१पासून आलेल्या प्लॅटफॉर्मना (ज्या हार्डवेअरवर मॉडेल बेतलेले असते ते) दहा वर्षे अपडेट आहेत, पण मोजणी तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे.

कुळागर_सत्तरी

खूप आभार. ७५२०यू रद्द. आता दोन शंका. म्हापशात एकाकडे वापरलेले थिंकपॅड टी४८० आहेत, १६ जीबी, बजेटच्या बरेच आत. ते घ्यावे का? आणि समितीची जुनी पत्रे श्रीलिपीत (जुने मराठी टायपिंग सॉफ्टवेअर) आहेत, नव्या मशीनवर उघडतील का?

चिपवाचक

टी४८० चांगले, पण डोळे उघडे ठेवून. ते २०१८चे, आठव्या पिढीचा आय५, चार कोर, रॅमला दोन स्लॉट. विंडोज ११ची अधिकृत इंटेल यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनच सुरू होते. शेजारी ठेवलेले टी४७० दिसायला तेच, पण बहुतेक सातव्या पिढीचे, यादीबाहेर. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून ‘दहा टाकून देतो’ हे उत्तर घेऊ नका.

बघायचे काय? पडदा १९२०×१०८० आहे का, कारण बरेच टी४८० १३६६×७६८चे आणि फिकट असतात. बायोस उघडून सुपरवायझर पासवर्ड मागत नाही ना. थंडरबोल्टचे (टाइप-सी छिद्रामागची चिप) फर्मवेअर, म्हणजे चिपमधले सॉफ्टवेअर, अपडेट झाले आहे का. त्या काळच्या थिंकपॅडमध्ये जुन्या फर्मवेअरमुळे ती चिप कालांतराने बिघडते आणि टाइप-सी चार्जिंग बंद पडते, मग दुरुस्ती बोर्डावरची. चार्जर दोन्ही टाइप-सी छिद्रांत लावून बघा. शेवटी बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी येतात. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात, आतली काढायला मागचे झाकण उघडावे लागते. कोणतीही ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.

तरी माझे मत विचाराल तर मुलगी तीन वर्षे रोज बसने नेणार, तिला वॉरंटीवाले नवे मशीन द्या: ७५३०यू किंवा आय३-१२१५यू, पट्टीची रॅम, आयपीएस पडदा. पडदा बाजूने आणि वरून बघा, रंग उलटे दिसले तर तो आयपीएस नव्हे, हलक्या प्रतीचा टीएन.

अक्षरओळ

श्रीलिपीबद्दल. ती पत्रे युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरसंकेतात) नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. तोच फाँट बसवला तर दिसतील, नाहीतर कचरा. फाइल उघडली म्हणून समाधान मानू नका, त्यात शोध लागत नाही आणि ईमेलमध्ये चिकटवता येत नाही. सध्याचे मशीन काढून टाकण्याआधी तिथूनच प्रत्येक पत्राची पीडीएफ काढून ठेवा, मग लागतील तीच युनिकोडमध्ये बदला. रूपांतर झाल्यावर रफार, ‘श्र’, ‘ज्ञ’ आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, घोटाळे तिथेच होतात.

नवे टायपिंग विंडोजमध्ये: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मराठी जोडा, त्याच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. लिहिताना नेट लागत नाही. रोज लिहिणार असाल तर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड) शिकणे जास्त फायद्याचे, तोच आराखडा लिनक्सवरही मिळतो.

तांबडीमाती

जीएसटीचे राहिले. दुकान एकट्याच्या मालकीचे (प्रोप्रायटरशिप) असेल तर रिटर्न ओटीपीवर भरता येते, डिजिटल सहीचे टोकन लागत नाही. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरावर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे. सगळे धरून ४५,००० बिल झाले तर त्यात कर सुमारे ६,८६४ रुपये. तुम्ही नेहमीच्या योजनेत असाल, कंपोझिशनमध्ये नसाल, तर दुकानाच्या वापरापुरते त्या कराचे क्रेडिट मिळते. मुलीच्या वापराचा वाटा किती धरायचा ते तुमच्या सीएला विचारा.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी ‘एस मोड’ (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम चालू देणारे विंडोज) आहे का बघा. असेल तर टॅली बसणारच नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमधून स्टोअरवर जाऊन फुकट बाहेर पडता येते, परत आत जाता येत नाही, जायची गरजही नाही.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर मशीन बंद कपाटात ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा. पिशवीत सिलिका जेल ठेवा, पुड्या महिन्याने वाळवा किंवा बदला. एसीतून दमट हवेत आणल्यावर लगेच सुरू करू नका, दहा-पंधरा मिनिटे थांबा. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत घालू नका. धातूच्या अंगाला झिणझिण्या येतात त्या त्यामुळेच. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की घरचे अर्थिंगही ढिले पडते, इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या.

कुळागर_सत्तरी

७५३०यूवाला एक मिळतोय, ८ जीबीची एक पट्टी आणि एक स्लॉट मोकळा. दुकानदार म्हणतो, रॅम मी टाकून देतो, पण झाकण उघडले की वॉरंटी जाते. खरे का?

चिपवाचक

कंपनीगणिक वेगळे आहे. काही ब्रँड रॅम-एसएसडी बदलायला हरकत घेत नाहीत, काहींच्या स्क्रूवर सील असते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मशीनचा सिरियल नंबर घेऊन त्या ब्रँडच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. नाही म्हणाले तर अधिकृत सेवा केंद्रातच पट्टी बसवून घ्या आणि जॉबशीटवर दोन्ही पट्ट्यांचे नंबर लिहून घ्या. जुनी पट्टी काढून दुसरीच घातल्याची तक्रार नंतर सिद्ध करता येत नाही.