सामाईक गच्ची: कुंड्या, वाळवणं, गळती आणि किल्ली

प्रश्न: टॉप फ्लोअर, कर्वेनगर, पुणे

पार्किंग अधिक चार मजले, सोळा फ्लॅट, तीस वर्षं जुनी इमारत, नोंदणीकृत सहकारी सोसायटी. गच्ची साधारण २,००० चौरस फूट, ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे). एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दक्षिणेला चार सोलर हीटर. तीन घरांच्या मिळून साठेक कुंड्या, बहुतेक कठड्याला टेकवलेल्या. चौथ्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटचं छत ओलं होतंय. ते म्हणतात कुंड्या हटवा, कुंडीवाले म्हणतात कोबाच संपलाय. चैत्र-वैशाखात वाळवणाला जागा मिळत नाही म्हणून तिसरा गट वेगळाच. गच्चीला कुलूप आणि किल्ली एकाच घरात.

गळती नक्की कशामुळे, हे कसं ओळखायचं? किती कुंड्या चालतील? खर्च कोणी करायचा? आणि जागेचा नियम असा कसा लिहायचा, की पुढच्या कमिटीलाही तो पाळता येईल?

उत्तर: कोबा-वाटा

भांडण माणसांचं दिसतंय, पण आधी पाणी कुठून जातं ते बघा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तुमच्या गच्चीवर सुमारे ९,३०० लिटर पाणी जमतं, आणि ते सगळं दोन-तीन पाईपांच्या तोंडातून खाली जायचं असतं. जाळीत कुंडीतली माती आणि पानं अडकली की पाणी तुंबतं आणि चरायला लागतं. म्हणजे कुंडी दोषी असतेही आणि नसतेही.

ओळखायची पहिली खूण कॅलेंडर. मे महिन्यातही छत ओलं असेल तर दोष पावसाचा नाही: टाकीचा ओव्हरफ्लो, सोलरची लाईन किंवा कुंड्यांना रोज घातलेलं पाणी, यांपैकी काहीतरी. फक्त पावसाळ्यात ओलं होत असेल तर तीन ठिकाणं बघा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो सिमेंटचा गोलसर वाटा, पाईपांच्या तोंडाभोवतीची जागा, आणि डिश किंवा सोलरच्या स्टँडसाठी कोब्यात मारलेले बोल्ट. हे बोल्ट कुणालाच आठवत नाहीत आणि बऱ्याचदा तेच निघतात.

डाग जिथे, भेग तिथेच असं धरू नका. ब्रिकबॅट कोबा विटांच्या तुकड्यांचा असतो. तो पाणी पिऊन ठेवतो, आडवं वाहू देतो आणि पाऊस थांबल्यावरही चार-सहा दिवस ठिबकतो. म्हणून पाण्याची चाचणी भागाभागाने करा. ४०० चौरस फुटांचा भाग घ्या, त्यातल्या कुंड्या उचला, कडेने विटा-सिमेंटचा छोटा बांध घाला, पाईपाचं तोंड कापडात बांधलेल्या वाळूने बंद करा. दोन इंच पाणी भरा (साधारण १,९०० लिटर लागेल) आणि ७२ तास ठेवा. कठड्यावर पेन्सिलने पातळी आखा. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिचीही पातळी आखा, कारण उन्हाने पाणी उडतं; गच्चीवरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर फरक झिरपला असं समजा. खालच्या छताचे रोज फोटो काढा. छत ओलं झालं तर तो भाग दोषी, नाहीतर बांध पुढे सरकवा. पाचही भाग एकदम भरलेत तर काहीच कळणार नाही.

वजनाचं गणित असं: माणसांच्या वापराच्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. १२ बाय १२ इंची ग्रोबॅग (झाडं लावायची पिशवी) म्हणजे २१ लिटर. साध्या मातीने भरून पाणी दिल्यावर ती ३५ किलोच्या घरात जाते. म्हणजे चार बॅगांत चौरस मीटरची मर्यादा संपली, माणसाचं वजन अजून बाकी. जुन्या कोब्यावर कुणी नवा थर चढवला असेल तर तेवढा भार त्यानेच खाल्ला. सिमेंटचे वाफे तर नकोतच.

उत्तर: गच्चीबाग

कुंड्या बंद करणं हा उपाय नाही, माती हलकी करणं हा आहे. प्रमाण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ भाग, गांडूळखत ३, पोयटा माती ३, आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. पाणी दिल्यावर तीच बॅग १८ ते २० किलोत बसते. पाच किलोची कोकोपीट वीट भिजवली की ७० लिटरच्या आसपास भुसा मिळतो. भिजवलेलं पाणी एकदा काढून टाका, त्यात क्षार असतात.

कुंडी थेट जमिनीवर ठेवू नका. खालची छिद्रं मोझॅकला टेकली की मुळं सांध्यात शिरतात, आणि खालची जागा वर्षभर सुकत नाही. विटांवर ठेवली तरी तेच, वीट ओल धरते. चार ते सहा इंच उंचीचा लोखंडी स्टँड घ्या, पायांना रबरी टोप्या लावा, नाहीतर अणकुचीदार पाय वॉटरप्रूफिंगचा थर फोडतात. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढून टाका. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अंड्याचा सात ते दहा दिवसांत डास होतो, आणि महापालिकेचे लोक तपासणीला आले की नोटीस बशीच्या मालकाला नाही, सोसायटीला मिळते.

कठड्याच्या फटीतलं पिंपळ-उंबराचं रोप मात्र बागेचं कौतुक म्हणून ठेवू नका. बोटभर आहे तोवर मुळासकट निघतं. नुसतं छाटलं तर पुन्हा फुटतं आणि फट रुंद करतं.

उत्तर: कोबा-वाटा

हलक्या मातीला हरकत नाही, तरी चौरस मीटरमागे पाच बॅगांच्या वर जाऊ नका. आणि गच्चीच्या मधोमध नको. कडेला, तुळईच्या जवळ, पण कठड्यापासून एक फूट सोडून.

उत्तर: उपविधी-वाचक

आता कागद. सामाईक गच्चीतून गळत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, फक्त चौथ्या मजल्यावाल्यांचा नाही. "आम्ही पहिल्या मजल्यावर, आमचा काय संबंध" हा मुद्दा टिकत नाही. एखाद्याने बोल्ट मारून थर फोडला हे सिद्ध झालं तर तेवढा भाग त्याच्याकडून घ्या. चाचणीचे फोटो त्यासाठीच.

सामाईक जागा कुणा एकाला कायमची अडवता येत नाही, मग ती कुंड्यांनी का असेना. २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) अतिक्रमण केलेल्या सभासदाकडून, अतिक्रमण राहील तितक्या काळासाठी, मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम घेण्याची तरतूद आहे. तुमची सोसायटी जुनी आहे, त्यामुळे तुमच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत आधी काढा. मात्र दंडाने सुरुवात केलीत तर बाग आणि शेजार दोन्ही जातील.

नियम कमिटीने ठरवू नका, सर्वसाधारण सभेत ठराव करा. गणसंख्या (सभेला किमान लागणारी हजेरी) साधारणपणे दोन-तृतीयांश किंवा २०, यांतलं जे कमी असेल ते. तुमच्याकडे सोळाच सभासद म्हणजे अकरा लागतील. ठरावासोबत गच्चीचा हाताने काढलेला नकाशा जोडा आणि त्यावर आधी मोकळ्या जागा आखा: कठड्यापासून १ फूट, पाईपाच्या तोंडापासून ३ फूट, टाकी आणि सोलरभोवती २ फूट, जिन्यापासून टाकीपर्यंत ३ फुटी वाट. उरलेल्यातून कुंड्यांचे पट्टे आणि वाळवणाची जागा. वाक्य असं लिहा: "पट्टा वापरण्याची परवानगी एक वर्षाची असून दर वार्षिक सभेत नूतनीकरण होईल, दुरुस्तीसाठी सात दिवसांच्या सूचनेवर सभासद स्वखर्चाने कुंड्या हलवेल." "मालकी" हा शब्द ठरावात कुठेही येऊ देऊ नका. जाळ्या साफ करण्याचं काम मोघम न ठेवता जून ते सप्टेंबर दर रविवारी कोणत्या फ्लॅटने, ते नावानिशी लिहा.

प्रश्न: बिबवेवाडी

आमचं अपार्टमेंट आहे, सोसायटी नाही. हेच लागू का?

उत्तर: उपविधी-वाचक

नाही. तुम्हाला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागू, आणि त्याचा कागद म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचं नोंदणीकृत घोषणापत्र). त्यात गच्ची सामाईक लिहिली आहे की "मर्यादित सामाईक", म्हणजे ठरावीक फ्लॅटांनाच, ते बघा. पुण्यात अशा इमारती खूप आहेत आणि निम्मी भांडणं हा कागद न उघडताच चालतात.

उत्तर: वाळवण

वाळवणाला जागेपेक्षा वेळ वाटून द्या. पापड-कुरडयांना सकाळी नऊ ते चार ऊन हवं, तेही दोन-तीन दिवस सलग. एका घराला सलग तीन दिवस, जिन्याच्या दारावर कागद लावून आधी नाव लिहायचं, ८ बाय १० फुटांचा चौकोन रंगाने आखून द्यायचा. कपड्यांच्या दोऱ्या सोलरच्या फ्रेमला, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या पट्टीला किंवा टाकीच्या पाईपाला बांधू नका. जोरात वारा सुटला की ओल्या चादरीची ओढ पाईपाच्या सांध्यावर येते. दोरी कठड्यात भोक पाडूनही नको, दोन खांबांचे सुटे स्टँड घ्या.

किल्लीचं काय विचारता! पुण्यात गच्चीची किल्ली ज्याच्याकडे, तोच खरा चेअरमन. आग लागली तर जिन्याने वर जाण्याचा रस्ता बंद राहता कामा नये, म्हणून दाराला आतून कडी ठेवा, कुलूप नको. लहान मुलांची किंवा चोरीची भीती असेल तर कडी पाच फुटांच्या वर बसवा, आणि कुलूप लावायचंच ठरलं तर एक किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत, एक वॉचमनकडे, एक सचिवांकडे. संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत सोलरच्या काचेच्या नळ्यांवर जुनी गोणपाटं टाका. फुटलेल्या नळीचा खर्च कोणाचा, हेही ठरावात एका ओळीत लिहून टाका.