मनात पूर्वग्रह आहे, पण मी भेदभाव करत नाही: हे खरंच शक्य आहे का?

उंबरठा

निर्विकार यांचा परवाचा लेख वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, तो लेखापेक्षा मोठा व्हायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: पूर्वग्रह सगळ्यांच्याच मनात असतात, त्याला इलाज नाही. भेदभाव ही कृती आहे. मी कुणाचा अपमान केलेला नाही, कुणाला हाकललेलं नाही, तेव्हा माझ्या मनात काय आहे याची उठाठेव कुणी करू नये. आणि हल्ली ज्याला नकार मिळतो तो भेदभाव झाला म्हणून ओरडतो.

यातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. माणसं गट पाडतात, आणि त्यासाठी त्यांना फारसं कारण लागत नाही. 1970 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे गट पाडले ते पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज, दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली, असल्या फुटकळ गोष्टींवरून. गटात आपल्याबरोबर कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दोन गटांतलं अंतर वाढत असेल तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, अशीही निवड केली.

माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. अपमान केला नाही म्हणजे भेदभाव केला नाही, हे कुठून आलं?

मी बरीच वर्षं मुलाखतीच्या पॅनेलवर बसते. एका मुलाखतीला लेखी चाचणीत सगळ्यात वर असलेला मुलगा आला. तो तोतरा बोलायचा. चौघेही त्याच्याशी अतिशय सौजन्याने वागलो. कुणी वाक्य मध्ये तोडलं नाही, कुणी हसलं नाही. तो गेल्यावर एका सदस्याने त्याच्या कागदाच्या समासात लिहिलं, ‘हुशार आहे, टीममध्ये रुळेल का शंका’. नंतरचा उमेदवार दोन प्रश्नांवर पार गडबडला. त्याच्या कागदावर त्याच हस्ताक्षरात, ‘नर्व्हस होता, तयार होईल’. एकाच्या अडखळण्याचा अर्थ शंका, दुसऱ्याच्या अडखळण्याचा अर्थ उमेद. मी त्यावर वाद घातला आणि हरले. ज्याने हे लिहिलं तो मनाने वाईट माणूस नाही, आणि त्याला आजही वाटतं की आपण भेदभाव केला नाही. नाकारलेल्या मुलाला तर ते कळणंच शक्य नव्हतं, कारण दुसरा कागद त्याला कोण दाखवणार?

म्हणून कुणाच्या मनात काय आहे हे मला तपासायचंच नाहीये. निर्णय कुणाच्या बाजूने पडतात, ते मोजायचं आहे.

निर्विकार

माझ्या लेखावर एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण माझा मुद्दा तुम्ही अर्धाच घेतलात. मन आणि कृती वेगळ्या असतात याला पुरावा आहे. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. चिनी लोकांबद्दल तिथे उघड द्वेष होता. तरी अडीचशे हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. म्हणजे मनात पूर्वग्रह, कृतीत नाही. मी याहून वेगळं काय म्हणतोय?

आणि तुमच्या सदस्याच्या समासातल्या एका ओळीवरून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हाही पूर्वग्रहच झाला.

पारिजात

निर्विकार, तो अभ्यास 1934 साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून लोक तो तुमच्यासारखाच वाचत आलेत. जरा उलटा वाचून बघा. त्या जोडप्याबरोबर एक गोरा प्राध्यापक होता. दोघं चांगल्या कपड्यांतली, हसतमुख, उत्तम इंग्रजी बोलणारी. काउंटरवर उभ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड गेलं. पण ज्याच्याबरोबर प्राध्यापक नाही आणि जो आधी पत्र टाकून विचारतो, त्याचं काय? त्याला नव्वद टक्के दारं घरबसल्याच बंद. पत्राला दिलेलं ‘नाही’ ही कृती नाही तर काय आहे?

मी व्हीलचेअर वापरते. भाड्याने जागा बघताना फोनवर सांगितलं की दर वेळी ‘कालच गेली’. न सांगता थेट गेले तर निदान आत तरी घेतात. हे मला कुणाच्या अभ्यासातून शिकावं लागलं नाही.

कडुलिंब

पारिजात यांचा अनुभव खरा असेलच. पण अनुभवावरून सिद्धांत बांधायचा नसतो. घरमालकाला खरंच कालच भाडेकरू मिळाला असेल. एका नकारावरून काहीही सिद्ध होत नाही.

उंबरठा

बरोबर, एकावरून होत नाही. म्हणूनच लोकांनी हजारो अर्ज पाठवून बघितले. मॅरिॲन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना दहा अर्जांमागे एक फोन आला, काळ्या वाटणाऱ्या नावांना पंधरामागे एक. हे 2004 चं. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये तशाच पद्धतीने खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले. पात्रता तुल्यबळ असूनही दलित आणि मुस्लिम आडनावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. एकेका कंपनीला विचारलंत तर प्रत्येकीकडे कारण तयार असेल. सगळे नकार एकत्र ठेवले तरच ते दिसतं.

जुनाखेळाडू

या चर्चेत वयाचा विषय कुणीच काढत नाही, कधीच काढत नाही! मी पन्नाशीनंतर नोकरी शोधली आहे. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी जास्त आहे’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. अनुभव जास्त म्हणजे काय हो? नावावरून भेदभाव झाला की अभ्यास होतात, आमच्यासाठी कुणाला पाझर फुटत नाही. नाव, फोटो, जन्मसाल, सगळं झाकून अर्ज घ्या, विषय संपला.

तंबोरा

जुनाखेळाडूंना +१. झाकून निवड करणं चालतं, आणि त्याचा मी साक्षीदार आहे. मी व्हायोलिन वाजवतो. एका वाद्यवृंदाच्या निवडीत आम्ही सगळ्यांनी पडद्यामागून वाजवलं होतं. खाली जाड गालिचा होता, कारण नुसत्या लाकडी फळ्यांवर टाचांच्या बुटांचा आवाज झाला की परीक्षकांना बाई आली हे लगेच कळतं. काही ठिकाणी बूट काढूनच आत पाठवतात. आत गेल्यावर बोलायचंही नाही, काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात सांगायचं. अमेरिकेतल्या पहिल्या पाच वाद्यवृंदांत 1970 मध्ये बायकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होतं, 1997 पर्यंत ते 25 टक्क्यांवर गेलं.

कडुलिंब

सगळं श्रेय पडद्याला कसं? त्याच काळात संगीत शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीही वाढल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउझ यांचा 2000 चा पडद्यावरचा निबंध सगळे उद्धृत करतात, पण त्यातले आकडे किती डळमळीत आहेत हे कुणी सांगत नाही. नमुना लहान, त्रुटीची शक्यता मोठी, आणि उपांत्य फेरीत तर निकाल उलट दिशेला जातो.

तंबोरा

मी तिथे वाजवलंय, तुम्ही आकडेच वाचताय. पडदा असताना परीक्षक सुरांवर बोलतात, पडदा काढला की ‘स्टेजवर वावर कसा आहे’ यावर बोलायला लागतात. शेवटच्या फेरीत पडदा काढायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, आणि सगळी गडबड तिथेच व्हायची.

कडुलिंब

तुम्ही वाजवलंत म्हणून आकडेवारी बदलत नाही. फ्रान्समध्ये सरकारने बिननावी अर्जांचा प्रयोग केला, तेव्हा स्थलांतरितांच्या मुलांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली, कारण प्रयोगात स्वतःहून उतरलेल्या कंपन्या आधीपासूनच त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होत्या. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांवर चाचणी झाली, तिथेही नावं झाकल्यावर बायकांची निवड कमी झाली. पडदा दोन्ही बाजूंनी झाकतो.

तंबोरा

म्हणजे जिथे लोक आधीच नीट वागत होते तिथे पडद्याची गरज नव्हती. जिथे वागत नव्हते तिथे होती. यात माझं काय खोटं पडलं? दर धाग्यावर येऊन तुम्ही फक्त पाडापाडी करता.

कडुलिंब

खोटं पडलं असं मी म्हणालोच नाही. वैयक्तिक होऊ नका.

जुनाखेळाडू

फ्रान्स-ऑस्ट्रेलिया राहू द्या. माझा प्रश्न तसाच आहे. जन्मसाल झाकलं तरी पदवीचं साल असतं, पहिल्या नोकरीचं साल असतं. ते कसं झाकणार?

पारिजात

मला राहवत नाही म्हणून लिहिते. गेले कितीतरी प्रतिसाद तुम्ही गालिचा आणि पडद्यावर भांडताय. तंबोरा, त्या स्टेजवर चढायला पायऱ्या होत्या का? होत्याच असणार. मग माझ्यासाठी पडदा असला काय, नसला काय, मी तिथवर पोचतच नाही. आणि पायऱ्या बांधणाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल काडीचाही पूर्वग्रह नव्हता. त्याच्या डोक्यात मी आलेच नाही.

निर्विकार यांनी याचं उत्तर द्यावं. कुणाच्या मनात वाईट नाही, कुणी अपमान केला नाही, तरी मी बाहेर. याला तुमच्या व्याख्येत जागा कुठे आहे?

निर्विकार

ती गैरसोय आहे, आणि ती दूर व्हायलाच हवी. पण प्रत्येक गैरसोयीला भेदभाव म्हटलं तर खरा द्वेष करणारा आणि रॅम्प विसरलेला वास्तुविशारद एकाच रांगेत येतात. हा त्या वास्तुविशारदावर अन्याय आहे.

उंबरठा

दोघांना शिक्षा सारखी व्हावी असं कुणीच म्हणत नाही. पण हेतू नसला तरी भेदभाव असू शकतो हे कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच स्वीकारलंय. अमेरिकेत ड्यूक पॉवर कंपनीने चांगल्या पदांसाठी शाळा पूर्ण केल्याचा दाखला आणि चाचण्यांमधले गुण अशा अटी ठेवल्या होत्या. दिसायला अट सगळ्यांना सारखी. त्या कामासाठी तिची गरज होती हे कंपनीला दाखवता आलं नाही, आणि वर्षानुवर्षं निकृष्ट शाळांत ढकललेले काळे कामगार तिच्यामुळे गळत होते. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात एकमताने सांगितलं की हेतू चांगला होता म्हणून अशी अट माफ होत नाही. कंपनीच्या मनात काय होतं, या प्रश्नावर निकाल अडला नाही.

‘टीममध्ये रुळेल का’ ही तशीच अट आहे. ती कागदावर लिहिलेली नाही, तिला व्याख्या नाही, आणि ती लागते मात्र नेमकी वेगळ्या दिसणाऱ्या-बोलणाऱ्यालाच.

निर्विकार

टीममध्ये रुळणं हा खरा निकष असतो, मी स्वतः टीम चालवतो. ज्याचं कुणाशी पटत नाही असा एक माणूस सगळ्यांचं काम बिघडवतो. तो निकषच काढून टाका म्हणाल तर मला मान्य नाही.

इतकंच म्हणेन की रुळेल म्हणजे नेमकं काय, हे मुलाखतीआधी लिहून ठेवायला हवं. एवढं मी मान्य करतो. पण तुमचा बाकीचा युक्तिवाद त्यातून सिद्ध होत नाही.

कडुलिंब

याला माझीही हरकत नाही. उमेदवार बघायच्या आधी निकष ठरवले की मनमानी कमी होते, हे पटण्यासारखं आहे. (पडद्याबद्दलचं माझं मत कायम.)

उंबरठा

मग तेवढ्यापुरतं तरी पुढे जाऊ. निर्विकार, तुमच्या टीमच्या पुढच्या भरतीत ‘रुळेल’च्या जागी तुम्ही काय लिहाल ते इथे मांडा. माझ्याकडून दोन: दुसऱ्याच्या कामातली चूक त्याला समजेल अशी सांगता येते का, आणि मदत लागली तर वेळेवर मागतो का. दोन्ही गोष्टी तोतऱ्या माणसाला जमतात, पन्नाशीच्या माणसालाही जमतात. आणि प्रत्येक शेऱ्यासमोर उमेदवार नेमकं काय म्हणाला ते लिहायचं. ज्या शेऱ्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो खोडायचा.

पारिजात

आणि मुलाखत तळमजल्यावर ठेवा. हे पहिलं लिहा.