मुलाला कॅच पकडता येत नाही, कारण निघालं डोळ्यात. पट्टी लावल्यावर हातही सुधारतो का?

नेरुळची_आई
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मुलगा ७ वर्षांचा आहे. पहिल्यापासून पाणी ग्लासच्या बाहेर ओततो, शर्टाची बटणं लावताना रडकुंडीला येतो, आणि खाली गार्डनमध्ये पोरं क्रिकेट खेळतात तिथे याच्याकडे कॅच आला की बॉल आधी छातीवर आदळतो आणि मग याचे हात मिटतात. सगळे म्हणायचे धांदरट आहे, लक्ष नसतं, आणि खरं सांगते मीही खूप ओरडलेय त्याला, एकदा दूध सांडलं म्हणून हातावर फटकाही मारलाय. गेल्या महिन्यात डोळे तपासले तर उजव्याचा नंबर +५ आणि डाव्याचा +१, उजवा डोळा आळशी झालाय म्हणाले, म्हणजे मेंदू त्या डोळ्याचं चित्र नीट वापरतच नाही. तिरळेपणा अजिबात नाही त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही, शाळेत तपासणी झाली होती पण तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवूनच तक्ता वाचून घेतला होता. आता चष्मा लागलाय, दोन महिन्यांनी बघून पट्टी सुरू करू म्हणालेत. तर नजर सुधारली की हात आपोआप सुधारतो, की हाताला वेगळं शिकवावं लागतं? तिथे गर्दी इतकी होती की हे विचारायचंच राहिलं.

नौपाडा_ऑप्टोमेट्रिस्ट
ताई, आधी ते फटक्याचं मनातून काढा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया हेच सांगून रडतात. साधारण शंभरातल्या दोन-तीन मुलांना आळशी डोळा असतो आणि तिरळेपणा नसला तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

आता हाताचं. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६ सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो. व्हीटस्टोन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन सपाट चित्रं आरशांतून एकेका डोळ्याला दाखवून हे सिद्ध केलं होतं. आपण कप उचलायला हात पुढे करतो ना, तेव्हा बोटं कपाला लागायच्या आधीच कपाच्या मापाची उघडलेली असतात आणि शेवटच्या थोड्या अंतरात हात बरोबर हळू होतो. हा शेवटचा टप्पाच दोन डोळ्यांवर जास्त अवलंबून असतो. तुम्ही स्वतः एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा, लगेच समजेल. तुमच्या मुलाच्या उजव्या डोळ्याचं चित्र धूसर, म्हणून मेंदू ते बाजूला टाकतो, मग फरक मोजायला दुसरं चित्रच उरत नाही. अशी मुलं हात सावकाश नेतात, बोटं जास्त फाकवतात आणि वस्तूला हात लागल्यावर पकड दुरुस्त करतात. ग्लास उभा असतो, तो थांबतो. बॉल थांबत नाही.

आमच्याकडे माशीच्या चित्राची एक टेस्ट असते, खास चष्मा घालून मुलाला पंख चिमटीत धरायला सांगतो. ज्याला खोली, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे ते दिसतं, त्याची बोटं कागदाच्या वर हवेतच मिटतात, ज्याला दिसत नाही तो थेट कागदावर बोट टेकवतो. पुढच्या वेळी ही करून घ्या.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की नजर सुधारते त्या मानाने ही खोलीची जाण मागे राहू शकते, काहींना पूर्ण येतच नाही. पण ७ हे वय चांगलं आहे. चष्मा मात्र दिवसभर हवा, काही मुलांची नजर नुसत्या चष्म्यानेच बरीच वर येते.

कोपरीचा_फिटर
ताई मी डॉक्टर नाही, स्वतःवर बेतलेलं सांगतो. वय ५२. आठ वर्षांपूर्वी कामावर ग्राइंडरची किरच लागून डावा डोळा गेला, गॉगल तेव्हा कपाळावर होता. पहिले सहा महिने फार वाईट गेले, चहा बशीत, कोणी हात पुढे केला की माझा हात भलतीकडे, आणि ठाणे स्टेशनचा जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली तेच कळायचं नाही. मग हळूहळू हाताने आपली युक्ती शोधली. पाणी ओतताना बाटलीचं तोंड ग्लासच्या काठाला टेकवूनच ओततो, काही उचलायचं तर मान जराशी डावी-उजवी हलवतो, जवळची वस्तू जास्त सरकते लांबची कमी, त्यावरून अंदाज येतो. आज व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरून काम करतो. आपले क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी, त्यांचा उजवा डोळा १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये कार अपघातात गेला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून टेस्ट खेळले आणि पुढे नाबाद २०३ काढले. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा.

घणसोली_२७
माझा आळशी डोळा कळला १९ व्या वर्षी, लायसन्ससाठी तपासणी करताना. तोपर्यंत एकानेही एक डोळा झाकून बघितलं नव्हतं. स्कूटर नीट चालवते, पण टेबल टेनिस कधीच जमलं नाही आणि थ्रीडी पिक्चर मला सपाटच दिसतो. तुमच्या मुलाचं सातव्या वर्षी कळलं हे वाचून खरंच बरं वाटलं.

नेरुळची_आई
खूप आभार सगळ्यांचे. दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पट्टी लावल्यावर खेळायला पाठवू का?

नौपाडा_ऑप्टोमेट्रिस्ट
पट्टी चांगल्या डोळ्यावर असणार, म्हणजे तेवढा वेळ तो कमजोर डोळ्यावर चालणार आणि हात आणखी चुकणार, त्यामुळे तेव्हा सायकल, रस्ता, पळापळ नको. घरात बसून मणी ओवणं, रंगवणं, डाळीतून राजमा वेचणं असं बारीक काम द्या. किती तास ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं धरू नका, मध्यम आळशी डोळ्यात रोज २ तास आणि ६ तास यांचा परिणाम जवळपास सारखा आला असं अमेरिकेतल्या २००३ च्या अभ्यासात दिसलं होतं. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, कातडीवर चिकटणारी घ्या, नाहीतर पोरं बाजूने बघतात. आणि पट्टी काढल्यावर, चष्मा लावून, दोन्ही डोळ्यांनी बॉल. फोमचा मोठा, हळू, खालून टाकलेला.

नेरुळची_आई
आजच आणला, पिवळा, फोमचा. जेवणाआधी हॉलमध्ये वीस वेळा टाकला, तीन पकडले. धाकटीचेही एकेक डोळा झाकून बघितले, तिला दोन्हींनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले आकडे वाचता येतात, तरी सोमवारी तिचीही अपॉइंटमेंट घेतलीय.