मदत हवी आहे: स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हॉटेल, आज रात्री ठरवायचंय

रानजाई
नमस्कार. दोन ठिकाणं बुक करून ठेवली आहेत. आज रात्री बारापर्यंत त्यातलं एक रद्द केलं नाही तर त्याचे पूर्ण पैसे जातील. पहिलं वन बेडरूम आहे, 'फुल किचन' लिहिलंय, बाहेर सोफा-कम-बेड. दुसरीकडे शेजारी शेजारी दोन स्टुडिओ, प्रत्येकात 'किचनेट', स्टेशन अगदी समोर. पैसे जवळपास सारखेच. सासूबाईंना बाहेरचं चालत नाही, त्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच होणार. कोणतं ठेवू? अशा ठिकाणी प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगा प्लीज. नातेवाइकांकडे राहा असं सुचवू नका, तिथे आमचं कोणी नाही.

प्रवासी पक्षी
शहर कोणतं?

अबोली
दुबईच्या 'बर दुबई' भागात मीना बाजारच्या आसपास घेतलंत तर डाळ, पीठ, भाजी सगळं पायी जाऊन आणता येतं. आम्ही दोनदा राहिलोय. तिथे वन बेडरूममध्ये व्यवस्थित चार शेगड्या होत्या, वॉशिंग मशीनही होतं. डिसेंबरात जा, उन्हाळ्यात नको.

घाटमाथा
किती माणसं, किती दिवस, कोणता महिना? यातलं काहीच लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर अपार्टमेंट हॉटेलच्या नादी लागू नका. कोणाचा तरी खासगी फ्लॅट घ्या. कमी पैशात मोठी जागा मिळते आणि स्वयंपाकघर खरोखर वापरातलं असतं.

रानजाई
अहो, लंडन! व्हिसाच्या धाग्यावर सगळं लिहिलं होतं म्हणून इथे परत लिहिलं नाही. मुलाचा पदवीदान समारंभ बार्बिकन सेंटरला आहे. जुलै, ९ रात्री. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि मुलगा. वन बेडरूम व्हाइटचॅपलजवळ आहे, स्टुडिओ अर्ल्स कोर्टला. पाच तास उरलेत, कृपया मुद्द्याचं सांगा.

टेम्सकाठचा
ताई, चौदा वर्षं इथे राहतोय आणि दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या आईवडिलांची सोय लावतो. आधी तुम्ही दोन्ही हॉटेलांना आत्ता मेल टाका किंवा सरळ फोन करा. पुढचं विचारा.

'किचनेट' म्हणजे नक्की काय? बऱ्याच ठिकाणी नुसता मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज आणि किटली असते, शेगडीच नसते. फोटोत ओटा दिसतो म्हणून फसू नका.

वन बेडरूममध्ये किती माणसांना परवानगी आहे? सोफा धरून बहुतेक चार. तुम्ही पाच जण आहात.

लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का? अर्ल्स कोर्ट, बेजवॉटर, पॅडिंग्टन भागातली बरीच हॉटेलं जुन्या घरांत आहेत. दारातच पाच-सहा पायऱ्या चढायच्या आणि मग लिफ्ट. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत?

विमान किती वाजता उतरतं? इथे खोली साधारण दुपारी तीनला ताब्यात मिळते.

निवांत
स्टुडिओ अजिबात नको. स्वानुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी लंडनलाच एका ठिकाणी स्टुडिओत होतो. ओटा आणि पलंग एकाच खोलीत, मध्ये दार नाही. वर चिमणी होती, पण ती धूर बाहेर सोडतच नव्हती, जाळीतून ओढून परत खोलीतच टाकत होती. पिठल्याला लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि पलंगाच्या वरचा अलार्म वाजायला लागला. टॉवेलने वारा घातला, खिडकी उघडायला गेले तर ती चार बोटांपलीकडे उघडेना. तेवढ्यात सगळ्या मजल्याचा अलार्म सुरू झाला. रात्री सव्वानऊला लहान मुलांना कडेवर घेऊन लोक जिन्याने खाली. अग्निशमन दलाची गाडी आली. मला आजही त्या लोकांचे चेहरे आठवले की वाईट वाटतं. वन बेडरूममध्ये निदान झोपायच्या खोलीला दार असतं.

खमंग
यावर उपाय सोपा आहे. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर बरोबर न्या. मी सगळीकडे नेते. वरण, भात, उसळ, खिचडी सगळं झाकणाआड होतं, धूर नाही, वास नाही. तुमचा प्रश्नच मिटला.

टेम्सकाठचा
खमंगताई, व्होल्टेज दोन्हीकडे २३० आहे, त्यामुळे तो चालेल हे खरं. पण इथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात, अडॅप्टर घ्यावा लागेल, आणि हजार वॉटचं भांडं कुठल्यातरी स्वस्त अडॅप्टरवर चालवणं धोक्याचं. शिवाय बहुतेक अपार्टमेंट हॉटेलांच्या नियमात स्वतःची स्वयंपाकाची उपकरणं आणायला मनाई असते.

खमंग
मनाई कागदावर असते. आजवर मला कोणी अडवलेलं नाही.

निवांत
आणि आग लागली तर? विमा कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवेल.

घाटमाथा
माझा मुद्दा कोणी लक्षातच घेत नाही. खासगी फ्लॅटमध्ये यातली एकही भानगड नाही. खरी शेगडी, खरी भांडी, शेजारी खरी वस्ती.

टेम्सकाठचा
घाटमाथा, जागा मोठी मिळते हे मान्य. पण लंडनमध्ये अख्खं घर पाहुण्यांना द्यायचं तर नगरपालिकेच्या खास परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे. हा २०१५ चा कायदा. काही घरमालक तो पाळत नाहीत आणि ऐन वेळी बुकिंग रद्द करतात. वयस्कर माणसं बरोबर असताना मी तो धोका पत्करणार नाही. हॉटेलला निदान खाली माणूस बसलेला असतो, बॅगा ठेवून घेतो, गरम पाणी आलं नाही तर कोणाला सांगायचं ते कळतं.

घाटमाथा
मी तीन वेळा राहिलो, एकदाही रद्द झालं नाही.

रानजाई
दोन्हीकडे फोन लावला. अर्ल्स कोर्टच्या 'किचनेट'मध्ये खरंच शेगडी नाही. मायक्रोवेव्ह, किटली आणि टेबलाखाली मावेल एवढा फ्रिज. ते आत्ताच रद्द केलं. टेम्सकाठचा, तुमचे उपकार विसरणार नाही.

व्हाइटचॅपलला चार जणांचीच परवानगी आहे. मुलाची होस्टेलची खोली महिनाअखेरपर्यंत आहे, तो तिथेच झोपेल. शेगडी इंडक्शनची आहे, चार गोल. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे असं म्हणाले. आम्ही रविवारी सकाळी साडेसातला हीथ्रोला उतरतो. तीनपर्यंत काय करू? सासूबाईंना इन्सुलिन असतं, वेळेवर खाणं लागतंच.

निवांत
अहो ताई, इन्सुलिनचं पहिल्याच पोस्टीत सांगायचं ना! ते केबिन बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात अजिबात नको, तिथे गोठण्याची भीती असते. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जवळ असू द्या. आणि फ्रिजची विचारणा करा, काही ठिकाणचे फ्रिज मागच्या बाजूला इतके गार असतात की भाजीवर बर्फ धरतो. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात ठेवा.

टेम्सकाठचा
मग दोन मार्ग आहेत. एक, शनिवारची रात्रही बुक करा. सकाळी पोचल्या पोचल्या खोली तयार. दोन, लवकर ताबा देण्याचे काही पैसे घेतात का ते विचारा, बरेचजण देतात. फक्त शनिवारची रात्र घेतलीत तर 'शनिवारी रात्री नाही, रविवारी सकाळी येणार' हे त्यांना लेखी कळवा, नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून बुकिंग सोडून देतील.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट व्हाइटचॅपलला जाते, गाडी बदलायची नाही. या लाइनच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने किंवा रॅम्पने जाता येतं. बार्बिकनसाठी त्याच लाइनवर दोन स्टेशनं मागे यायचं, फॅरिंग्डन. कार्ड टॅप करून जा, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत.

आणि रविवार लक्षात ठेवा. इथे मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या मधले. छोटी दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू असतात, पण तिथे तूरडाळ मिळेलच असं नाही. मुलाला शनिवारीच सामान भरून ठेवायला सांगा.

प्रवासी पक्षी
एसी आहे का? जुलै आहे म्हणून विचारतो. लोक समजतात लंडन म्हणजे गारवा. १९ जुलै २०२२ ला हीथ्रोला ४०.२ अंश तापमान होतं. आम्ही त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर होतो, एसी नाही, पंखा नाही, खिडकी चार बोटं उघडणारी. आईला रात्रभर ओल्या कापडाने पुसत बसलो होतो.

खमंग
इंडक्शन आहे म्हणजे तुमचा नेहमीचा कुकर आणि कढई चालणार नाही. फ्रिजवरचा लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. गोल बुडाची कढई लोखंडाची असली तरी उपयोग नाही, बूड सपाट बसायला हवं.

रानजाई
आत्ता लावून पाहिला. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरवरून चुंबक घसरून खाली पडला. स्टीलच्या तीन पातेल्यांपैकी एकालाच चिकटला. भाकरीचा तवा लोखंडी आहे, त्याला चिकटतो, पण मधे खोलगट आहे. सासूबाईंना ज्वारीची भाकरी लागते, पोळी चालत नाही. तव्याशिवाय अवघड आहे.

अबोली
लंडन होय! मग वेळ काढून प्रिमरोझ हिलला १०, किंग हेन्रीज रोड बघून या. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. मी त्या जिन्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. सासऱ्यांना नक्की आवडेल.

घाटमाथा
हायगेटचं ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूही बघा, तिथलं इंडिया हाउस. सावरकर तिथे राहत होते, भिंतीवर निळी पाटी आहे.

निवांत
डॉलिस हिलला लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. त्यांना विचारा, घरगुती डबा देणारं कोणीतरी सापडेल. पहिल्या दिवसाची सोय होईल.

टेम्सकाठचा
रानजाईताई, तवा आणू नका. वेम्बली भागात ईलिंग रोडवर (अल्पर्टन स्टेशन) सपाट बुडाचा इंडक्शनचा तवा मिळेल, ज्वारीचं पीठही. व्हाइटचॅपलच्या आसपास बांगलादेशी दुकानं भरपूर आहेत, मिरच्या, कोथिंबीर, दुधी, भेंडी तिथे मिळेल. हॉटेलात पातेली, ताटल्या, चमचे, सुरी देतात. पोळपाट-लाटणं, परात, मिसळणाचा डबा मिळत नाही. डबा भरून आणा, बाकी सोडा.

आणि साजूक तूप, पेढे, बर्फी आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या भाज्या आणि कढीपत्ताही नको.

खमंग
मी दर वेळी तूप नेते.

टेम्सकाठचा
तुमचं नशीब. वयस्कर माणसांना घेऊन कस्टम्सच्या टेबलासमोर बॅगा उघडत बसावं लागलं तर काय? इथे कोपऱ्यावरच्या दुकानातही तूप मिळतं.

रानजाई
व्हाइटचॅपल पक्कं केलं. शनिवारची रात्र घेतली नाही, लवकर ताबा अकराला देताहेत, थोडे जास्त पैसे. एसी आहे, लेखी घेतलं. सगळ्यांचे मनापासून आभार. तिथून कळवते.

रानजाई (जुलै)
कळवते म्हटलं होतं. आज सातवा दिवस.

लिफ्ट आहे, पण मुख्य दारात चार पायऱ्या आहेत. 'रस्त्याच्या पातळीपासून' म्हणणाऱ्यांनी त्या मोजल्याच नव्हत्या. कुरियरवाले बाजूच्या दाराने ये-जा करतात, तिथे उतार आहे. ते दार दुसऱ्या दिवशी विचारल्यावर उघडून दिलं. पहिल्या दिवशी सासऱ्यांना फार त्रास झाला, मला स्वतःचा राग आला. पुढे कोणी बुक करणार असाल तर 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका. 'टॅक्सीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या' असं विचारा.

मुलाने शनिवारी सामान भरून ठेवलं होतं, म्हणून अकराला आत आलो आणि पावणेबाराला मुगाची खिचडी झाली. सासूबाईंची वेळ चुकली नाही. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात आहे.

इंडक्शनला हात बसायला दोन दिवस लागले. गॅसवर आपण आच बघून अंदाज घेतो, इथे फक्त आकडा. ९ वर फोडणी केली तर मोहरी तडतडायच्या आत तेलच धुरकटतं. आता ६ वर तेल तापवते, मोहरी फुटली की पातेलं उचलून बाजूला घेते आणि मग हळद, हिंग, मिरची. झाकण हातात तयार. झोपायच्या खोलीचं दार लावलेलं, चिमणी आधीपासून चालू. अलार्म एकदाही वाजला नाही. भाकरी तव्यावर छान फुगते, पण आचेवर धरता येत नाही म्हणून फडक्याने दाबून फुगवावी लागते.

वॉशिंग मशीन आणि ड्रायर एकच आहे. कपडे वाळायला तीन तासांवर लागतात आणि तरी दमट निघतात. रात्री लावून ठेवू नका, फार आवाज होतो.

समारंभ मंगळवारी छान झाला. आंबेडकरांचं घर बघून आलो. अबोलीताई, तुमच्यामुळे.

अबोली
वाचून फार बरं वाटलं. तवा ईलिंग रोडवरच मिळाला का?

रानजाई
हो, तिसऱ्या दुकानात. २६ सेंटिमीटर, सपाट, जड आहे. परत न्यायला वजनात बसत नाही आणि मुलगा पुढच्या आठवड्यात आमच्यामागोमाग घरी येतोय. तवा, अर्धा किलो ज्वारीचं पीठ आणि न उघडलेली तूरडाळ, लंडनमध्ये कोणाला हवी असेल तर मंगळवार सकाळपर्यंत व्यनि (खासगी निरोप) करा.

टेम्सकाठचा
सोमवारी संध्याकाळी कामावरून येताना मी येतो. पुढच्या महिन्यात एका मित्राचे आईवडील येताहेत, त्यांना उपयोगी पडेल. व्यनि केलाय.