विषय: प्लेलिस्टमधले निवडक व्हिडिओ उतरवून घेण्याबाबत

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत जेवणाच्या वेळी पडद्यावर मागच्या वर्षांतली बालनाट्यं, लेझीम आणि भोंडला दाखवायचा बेत आहे. सगळं मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर एकाच प्लेलिस्टमध्ये आहे. पण हॉल चर्चच्या तळघरात, तिथे नेट मिळत नाही. त्या लांबलचक यादीतले मोजकेच व्हिडिओ हवेत. प्रीमियमवरून फोनमध्ये घेतले, पण पेनड्राइव्हवर कसे न्यायचे ते कळेना. कुणी मदत कराल का?

— सांस्कृतिक समिती

ताई, नमस्कार.

प्रीमियमचे डाउनलोड अ‍ॅपमध्येच चालतात, सुटी फाइल हाती लागत नाही. चॅनेल आपलंच आहे, तेव्हा सचिवांना सांगा. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओजवळच्या तीन टिंबांमध्ये 'डाउनलोड' असतं. एमपी४ फाइल येते, बहुतेक ७२० किंवा ३६० दर्जाची (आकडा मोठा तेवढं चित्र स्पष्ट). आपल्या पडद्याला ७२० उत्तम चालेल.

कमांड लाइनची (आज्ञा टाइप करून काम करायची) सवय असेल तर वायटी-डीएलपी हे व्हिडिओ उतरवायचं साधन आहे. यूट्यूबच्या अटींमध्ये बाहेरच्या साधनाने उतरवायला मोकळीक नाही, हे ध्यानात असू द्या. मी तरी ते मंडळाच्या स्वतःच्या व्हिडिओंपलीकडे वापरणार नाही. त्यात 'प्लेलिस्ट-आयटम्स' हा पर्याय देऊन पुढे ३,७,१२:१५ असे आकडे लिहिले (इंग्रजी अंकांत) की तेवढेच उतरतात.

पण माझं ऐकाल तर क्रमांकांवर विसंबू नका. खाजगी केलेले किंवा काढून टाकलेले व्हिडिओ ब्राउझरमध्ये सहसा लपलेले असतात, वायटी-डीएलपी मात्र त्यांनाही मोजतं. तुम्हाला नववा दिसतो तो त्याच्या हिशेबी अकरावा असू शकतो, आणि भोंडल्याऐवजी वार्षिक सभेचं भाषण उतरतं. शिवाय कुणी यादीच्या वर नवीन व्हिडिओ घातला की सगळे आकडे सरकतात. त्यापेक्षा हव्या त्या व्हिडिओंचे दुवे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीवर एक, असे चिकटवा आणि ती फाइल 'बॅच-फाइल' म्हणून द्या. दुव्यात 'लिस्ट' असा तुकडा असेल तर 'नो-प्लेलिस्ट' जरूर घाला, नाहीतर सगळी यादी उतरायला लागते. सोबत 'डाउनलोड-आर्काइव्ह' दिलंत तर नेट तुटल्यावर तीच आज्ञा पुन्हा चालवा, झालेले व्हिडिओ ते वगळतं. चित्र आणि आवाज जोडायला एफएफएमपेग लागतं, ते आधी टाकून घ्या.

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ या दुसऱ्या फॉरमॅटवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि पूर्ण नाटकाचं रेकॉर्डिंग सहज तेवढं होतं. सगळ्या फाइली आदल्या रात्री नेट बंद करून, हॉलमध्ये नेणार त्याच लॅपटॉपवर लावून बघा.

— तुमचा शेजारी, ध्वनिव्यवस्थावाला

काका, अगदी नेमकं सांगितलंत, आभार.

ताई, स्टुडिओतून मीच काढून देतो, मला फक्त दुवे पाठवा. एक विनंती: यादीत पाहुण्या नाटक मंडळीचा प्रयोग आहे, तो त्यांच्याच चॅनेलवरून जोडलेला आहे. त्यावर आपला हक्क नाही. मी आजच त्यांना पत्र लिहून फाइल आणि दाखवायची परवानगी मागतो. नाही म्हणाले तर तो वगळू, आणि ती वेळ मुलांच्या लेझीमला देऊ. मुलांच्या पालकांनाही एकदा विचारून घ्या. काही जणांनी मागे व्हिडिओ खाजगी करायला सांगितलं होतं, ते पडद्यावर नकोत.

— सचिव