चर्चा : फोर-बाय-फोर घालायची कुठे? सडा, पाणंद की पुळण?

घाटवाट्या (धागाकर्ता)

पाऊस ओसरायला लागला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "या वेळी कुठला ट्रेल?" मग कुणीतरी ड्रोनने काढलेला व्हिडिओ टाकतो. हिरवागार सडा (डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ), कडेला दरी, मधोमध थार (महिंद्राची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी). खाली रांगेने "लोकेशन प्लीज". माझं मत याच्या उलट आहे आणि ग्रुपवर ते कुणी ऐकत नाही, म्हणून इथे मांडतो. ट्रेल निवडताना नजारा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायची ती जमीन.

सडा उघडाबोडका दिसतो, म्हणून वाटतं इथे काय बिघडणार? कास पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, त्यामुळे तिथे निदान राखण तरी आहे. पण तसाच जांभ्याचा कातळ साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत जागोजागी पसरलाय आणि तिथे विचारायला कुणी नाही. कातळावर माती असते कुठे बोटभर, कुठे वीतभर. त्यात गेंद, सीतेची आसवं, कवला उगवतात आणि पावसाचे महिने संपेस्तोवर फुलून, बी टाकून मोकळे होतात. टायर गेला की माती दबून चाकोरी पडते, सड्यावरच्या डबक्याचं पाणी त्या चाकोरीतून निघून जातं आणि जाताना उरलीसुरली मातीही घेऊन जातं. शिवाय अडकलेल्या चाकाखाली घालायला आपण आसपासचे सुटे दगड उचलतो. बेडूक आणि पाली त्याच दगडांखाली राहतात.

म्हणून माझी पसंती वहिवाटीच्या वाटांना. गाव नकाशात तुटक रेषांनी दाखवलेले गाडीमार्ग, शेतांमधल्या पाणंदी, नवा घाटरस्ता झाल्यावर ओस पडलेला जुना रस्ता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीची चाकं फिरलीत, आपण नवीन काही मोडत नाही. दुसरं म्हणजे, ताफ्यातली सगळ्यात कमजोर गाडी आणि सगळ्यात नवखा ड्रायव्हर तिथून उलटा परत येऊ शकेल का, हे आधी पायी जाऊन बघावं. कड्यावरचा नजारा हवा असेल तर गाडी वाटेवर लावा आणि पुढे चालत जा. तेवढ्याने कुणाची थार लहान होत नाही.

लो_रेंज

घाटवाट्या, तुमचा मुद्दा गोड आहे, पण खापर फोडायला थारच सापडली का? चाळकेवाडीला पवनचक्क्यांसाठी पठारावर रस्ते झाले तेव्हा गेंदाची फुलं कुणी मोजली? कोकणात चिरेखाणी सडेच्या सडे कापून ट्रकमध्ये भरतात. तो खड्डा कायमचा. आमचा ताफा वर्षातून एकदा जातो, प्लास्टिक उचलून परत येतो, आणि गुन्हेगार आम्ही!

आणि पाणंदीला ऑफ-रोड म्हणू नका. पाणंदीने दूधवाल्याची स्प्लेंडर जाते. एक चाक हवेत, दुसरं घसरतंय, फोर-एल (चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर) टाकलाय, डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लागल्याचा आवाज आला आणि ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनवर खाली उतरतेय, याला आम्ही ऑफ-रोड म्हणतो. ते शिकायला कातळच लागतो. तो चिखलासारखा फसवत नाही, चाक कुठे टेकणार ते दिसतं. आमच्याकडे नवख्यांना आधी कातळावरच बसवतात.

कातळकर

चाक कुठे टेकणार ते दिसतं म्हणता, पण चाकाखाली काय आहे ते दिसतं का?

मी रत्नागिरी तालुक्यातला. आमच्याकडे कातळशिल्पं आहेत, उक्षी, जांभरुण, पुढे राजापुरात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. एवढं मोठं चित्र, पण दुपारी बाराला त्यावर उभे राहिलात तरी कळणार नाही. बऱ्याच चित्रांची खाच जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल, त्यात माती आणि वाळलेलं गवत बसलेलं. सकाळचं तिरपं ऊन आलं किंवा पाणी ओतलं तर रेघ उमटते. थारच्या बॉनेटवरून ती दिसेल ही आशा सोडा. माहीत असलेल्या चित्रांभोवती काही ठिकाणी चिऱ्यांचा गडगा घातलाय. पण नवी चित्रं अजूनही सापडतायत, म्हणजे ज्या सड्यावर "काही नाही" म्हणता तिथे काय आहे हे आम्हालाच पुरतं ठाऊक नाही.

चिरेखाणीचं बोललात ते खरं. त्यावरही आम्ही भांडतोच. पण खाणवाला निदान जागेच्या मालकाशी व्यवहार करून येतो. तुम्ही "मोकळं रान" म्हणून शिरता. आमचे बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत हो.

बांधावरचा

धागाकर्त्यांना नमस्कार. फुलं वाचली, बेडूक वाचले, आनंद आहे. आता आमच्या पाणंदीचं बघा.

मी भोर भागातला शेतकरी. गेल्या ऑगस्टात रविवारी आमच्या पाणंदीतून सात-आठ गाड्या गेल्या. मड टायर (खोल खाचांचे, चिखलासाठीचे), प्रत्येक गाडी आधीच्याच चाकोरीत, मधे एक रुतली तर तिथेच अर्धा तास टायर फिरवत बसले. पाणंद पावसात मऊ असते, आम्ही स्वतः ट्रॅक्टर घालत नाही. ते गेल्यावर चाकोरी गुडघ्याएवढी, तिच्यात पाणी. सोमवारी दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागले. तुम्ही म्हणता "नवीन काही मोडत नाही". पाणंद ही ओस पडलेली वाट नव्हे, आमचा रोजचा रस्ता आहे. मुरूम टाकायला लोकवर्गणी काढतो आम्ही.

आणि मे महिन्यात धरणाच्या पाण्याकाठी जे "लेकसाइड ट्रेल" म्हणून फिरता, तिथे गाळपेर असते. पाणी हटलं की लोक तिथे पीक घेतात. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लोणी. गाडी फसली की ट्रॅक्टर मागायला आमच्याच दारात.

घाटवाट्या

@बांधावरचा, पटलं, यात वाद नाही. वाट निवडताना महिनाही निवडायला हवा. माझा ग्रुप पाणंदीला डिसेंबर ते मे एवढाच हात लावतो आणि मड टायर नको म्हणतो, ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या जमिनीचे) टायर पुरतात. पण @लो_रेंज, चिरेखाणीचा दाखला मला पटत नाही. खाणीने सडा खाल्ला म्हणून उरलेला सडा आणखी मोलाचा झाला, आपल्याला खुला झाला असं नव्हे.

पुळणवाली

दापोलीकडची आहे. सडा आणि पाणंद यावर एवढी चर्चा, आणि सगळ्यात जास्त गाड्या जिथे बुडतात ती पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, कुणाला आठवेना!

ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी लागते, त्यावर पोरं ऐंशीने पळवतात. मग खाडीच्या तोंडाशी किंवा वरच्या कोरड्या पट्ट्यात चाक बसतं. टायरची हवा कमी करायची अक्कल नसते, अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतात, गाडी पोटावर बसते. तोवर भरती लागलेली असते. आमच्याकडे साधा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येतं. आणि पर्यटक नेमके लाँग वीकेंडला पौर्णिमा बघून येतात, चांदणं छान पडतं म्हणून.

कासवांचं वेगळं सांगायला नको. वेळास, आंजर्ल्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत. घरटं वाळूखाली, वर काही खूण नाही. पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे निघाली की टायरच्या चरात पडतात आणि चराच्या कडेनेच चालत राहतात. पिल्लू तळहाताएवढंही नसतं, त्याला तो चर चढवत नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हा नोंदवतात. आपल्याकडेही तेच व्हावं. माझ्या मते यात मध्यममार्ग नाहीच : पुळणीवर चाक नको. किनाऱ्यावर भाड्याने फिरणाऱ्या एटीव्ही (छोट्या, उघड्या चारचाकी गाड्या) सुद्धा नकोत, मग माझ्या गावच्या पोरांचा धंदा बुडाला तरी चालेल. (घरी हे वाक्य वाचून भांडण होणार आहे.)

जिमनीताई

सगळं बंद, हेही बंद, तेही बंद. मग शिकायचं कुठे? लोणावळ्याच्या तिकीटवाल्या ट्रॅकवर गोल गोल फिरून? तिथे आणून टाकलेले टायर आणि जेसीबीने केलेले उंचवटे. नजारा म्हणाल तर मागच्या रिसॉर्टची भिंत.

मला वाटतं गाडीच्या वजनाचाही विचार करा. माझी जिमनी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर) थारपेक्षा चार-पाचशे किलो हलकी आहे. सुक्या गाडीवाटेवर हवा थोडी उतरवली की टायर पसरून बसतो, माती उकरत नाही. माझ्यामागे चाकोरी उरत नाही, आणि पाच गाड्यांचा ताफा शांतपणे गेला तर कुणाला कळतही नाही. त्रास तीस गाड्या, स्पीकर आणि रील यांचा आहे. 2023 च्या नाताळात लाहौलला ट्रॅफिक चुकवायला चंद्रा नदीत थार घातली होती ना, त्याची पावती फाटली, पण व्हिडिओ देशभर फिरला. तो बघून किती जणांना वाटलं असेल की नदी हा पण ट्रेलच. कंपनी 650 मिलिमीटर पाणी चालेल म्हणते ते पाण्याच्या खोलीचं माप आहे, प्रवाहाच्या जोराचं नाही.

मोआबच्या_वाटेवर

मी अमेरिकेतल्या युटा राज्यात राहतो. इथल्या मोआब गावाला ऑफ-रोडवाल्यांची जत्राच असते. इथल्या सरकारी जमिनीवर नियम सरळ आहे : नकाशात जी वाट ज्या प्रकारच्या वाहनाला खुली दाखवलीय तीच खुली, जी दाखवलेली नाही ती बंद. खुल्या वाटेवरच्या लाल खडकावर चढा हवं तेवढं, पण शेजारच्या काळपट, खरबरीत मातीवर पायसुद्धा ठेवायचा नाही. ती जिवंत साय असते, मोडली तर सावरायला दशकं लागतात. व्हाइट रिमचा 100 मैलांचा रस्ता परमिटशिवाय करता येत नाही. तरी भांडणं आहेतच. 2023 मध्ये मोआबजवळच्या लॅबिरिंथ रिम्स भागातल्या 317 मैल वाटा मोटारींना बंद केल्या, तर गाडीवाले कोर्टात गेले. महाराष्ट्रात असा नकाशा का होत नाही?

लो_रेंज

@मोआबच्या_वाटेवर, कारण तिकडे मैलोन्‌मैल जमीन एका खात्याची, आणि इकडे एका सड्याच्या सात-बारावर सतरा नावं, त्यातले नऊ जण मुंबईत. उरलेलं राखीव वन, तिथे परवानगीशिवाय शिरलं की 1927 चा वन कायदा. नकाशा काढायला बसलात तर पहिली रेघ ओढायच्या आत तीन भाऊबंद कोर्टात.

आणि जिमनीताई, पाच गाड्या कुणाला कळत नाहीत म्हणता, पण पाच-पाचचे वीस ताफे एकाच रविवारी आले की? मोठा ताफा निदान मोजता येतो. आमच्यात मार्शल असतात, एकमेकांना टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोर बांधून ओढू देत नाहीत. तो गोळा तुटून काचेतून आत आला तर माणूस जातो. दोन-तीन गाड्यांच्या हौशी टोळ्या हेच करताना दिसतात.

कातळशिल्पांचं मात्र मला माहीत नव्हतं, म्हणजे ऐकलं होतं पण इतकी उथळ असतात हे नाही. तरी सरसकट सगळे सडे सोडणार नाही. कातळकर, जिथे आधीच ट्रकची ये-जा होती अशा बंद पडलेल्या चिरेखाणी चालतील का? कापलेला कातळ, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, फुलं नाहीत, चित्र असलंच तर ते कधीच चिऱ्यात गेलं. मालकाला पैसे देऊ.

कातळकर

बंद खाणीला माझी हरकत नाही. पण तळाशी पाणी साठतं, खोली कळत नाही, आणि कडा उभ्या कापलेल्या असतात. मे महिन्यात या, पाणी आटल्यावर. मालकाचा लेखी होकार आणि ग्रामपंचायतीला कल्पना, एवढं असेल तर मी स्वतः बरोबर येतो. खाणीपर्यंत ट्रकचाच रस्ता धरायचा, सड्यावरून शॉर्टकट नाही.

घाटवाट्या

खाणीत नजारा कसला? माझा मूळ प्रश्न नजाऱ्याचा होता.

लो_रेंज

तुम्हीच म्हणालात ना, नजारा शेवटी बघा!

बांधावरचा

खाणीचं ठरलं तर बरंच आहे, तेवढ्याच आमच्याकडे कमी याल. पाणंदीला डिसेंबरात या म्हणणाऱ्यांना सांगतो, तेव्हा ऊसतोड चालू असते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लागलेल्या असतात आणि त्याला मागे घेता येत नाही. तुम्हालाच रिव्हर्स मारावा लागेल, पार डांबरीपर्यंत.